शांत व्हायला लागणारा वेळ

९ सप्टेंबर, मंगळवार

मशीन अखेर माझ्या ताब्यात आलं. कंपनीचा इंजिनिअर संतोष सह्या घेऊन पुण्याला परतला आणि खालापूरच्या या नव्या निदान केंद्रातल्या एमआरआयची जबाबदारी आता ईशानी गुप्ते यांची, म्हणजे माझी. मुंबईत इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मशीनवर हात चालवला, हे पहिलं माझं. माझी मदतनीस वनिता हिने चुंबकाला हळदकुंकू लावलं. मी ओरडले नाही, फक्त कुंकवाचा करंडा लोखंडाचा होता तो आधी बाहेर ठेवायला लावला.

रोज सकाळी पाण्याची सीलबंद बाटली आत ठेवून मशीन तपासायचं, हा कंपनीचा नियम. माझा नियम त्याच्या वरचा. बाटलीवरून सिग्नल कळतो, चित्र कसं येतं ते कळायला डोकंच लागतं. म्हणून आठवड्यातून एकदा मी स्वतः आत झोपते आणि वनिता बटणं दाबते. फाइलला नाव ‘चाचणी’. माझ्या डोक्याची चित्रं मला तोंडपाठ आहेत, जुन्या प्रत्येक मशीनवरची जपून ठेवलीत. चित्र जरा बिघडलं की मशीन बिघडलं, हे मला कुणी सांगावं लागत नाही.

घरी अप्पांना हे सांगितलं. अप्पा माझे सासरे, कर्जतच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. म्हणाले, “म्हणजे सूनबाईचं डोकं ठिकाणावर आहे हे गृहीतच धरायचं तर!”

११ सप्टेंबर, गुरुवार

वनिता पोशीरची, हाताला चपळ आणि तोंडाला त्याहून. “ताई, पेशंट इचारतात आत काय व्हतं. मी काय सांगू?”

मी तिला ते लेझमीच्या खेळासारखं करून सांगितलं. शरीरात सगळीकडे पाणी, पाण्यात हायड्रोजन, आणि हायड्रोजनचा गाभा म्हणजे इवलंसं फिरतं चुंबक. मोठ्या चुंबकात गेल्यावर ही चुंबकं रांगेत उभी राहतात. मग आपण रेडिओचा ठोका देतो, की सगळी आडवी होऊन एका तालात फिरायला लागतात, आणि तो ताल मशीनला ऐकू येतो. ठोका थांबला की आधी ताल फिसकटतो, कारण प्रत्येकाला शेजाऱ्याचा धक्का लागून कुणी पुढे जातो, कुणी मागे पडतो. अंगात आलेली शक्ती आजूबाजूला देऊन टाकून पुन्हा रांगेत उभं राहणं, हे त्याहून सावकाश होतं. चरबीतले लवकर शांत होतात, मोकळ्या पाण्यातले फार उशिरा. कुठे किती वेळ लागला, त्यावरून चित्र उमटतं.

“मंजी नाचून झाल्यावर कोण कवा गप व्हतो ते बगायचा.”

“तेच. आणि जिथे आजार असतो तिथे पाणी जास्त आणि मोकळं असतं, तिथला ताल जास्त वेळ टिकतो. म्हणून ती जागा उजळ दिसते.”

दिवसभर वनिताने येईल त्याला लेझीम सांगितलं. कळंबचे एक आजोबा आत जाताना घाबरून म्हणाले, “बाय, माना नाचायला जमाचा नाय, गुडघा दुखतो.” गुडघ्यासाठीच आले होते.

१७ सप्टेंबर, बुधवार

लिहावं की नाही, कळत नाही. पण ही वही माझी आहे आणि कुणी वाचणार नाही.

आज मिहीर आला होता.

सकाळी बाटली आत ठेवून मी काचेच्या अलीकडे बसले होते. वनिता यायची होती. चुंबक कधी बंद होत नाही, त्याला थंड ठेवणारा पंप अखंड चिवचिवत असतो, त्या आवाजाची सवय झाली आहे. अचानक पोटातून काहीतरी वर चढलं, झोका वर जाताना चढतं तसं. आणि वास आला. तापलेल्या ब्रेकचा, जळक्या लोखंडाचा. माझा नवरा मिहीर घाटात बँकर चालवायचा, म्हणजे गाड्यांना मागून ढकलत वर नेणारं इंजिन. त्याच्या कपड्यांना, केसांना हाच वास असायचा. घाट उतरणारी गाडी ठाकुरवाडीला थांबली की चाकांतून येतो तो. दोन वर्षांपूर्वी ड्युटीवरच छातीत कळ येऊन तो गेला, तेव्हा घरी आणलेल्या त्याच्या शर्टाला होता तो.

तो माझ्या मागे उभा होता. मी वळले नाही. हे सगळं आधी एकदा घडून गेलंय, आता तो माझ्या खुर्चीवर हात ठेवणार, अशी पक्की खात्री वाटली. मग पंपाचा आवाज परत ऐकू आला आणि समोर वनिता उभी होती.

आधी वायर जळली म्हणून सगळी खोली हुंगून काढली. कुठेच काही नाही. भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला, इतका की स्वच्छतागृहात जाऊन रडले.

२१ सप्टेंबर, रविवार

पुन्हा दोनदा आला. आज अप्पांना सांगून टाकलं. मला वाटलं, रागावतील. सत्यनारायणालासुद्धा प्रसादापुरते बसणारे अप्पा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “काही बोलला का?”

आज सर्वपित्री अमावास्या. दुपारी गच्चीवर गेले तर कठड्यावर पान वाढलेलं, भात, वडे, आणि मिहीरला आवडायची ती गवारीची भाजी. अप्पांनी स्वतःच केली होती, जरा करपली होती. मला बघून म्हणाले, “कावळ्यांनाही भूक लागते गं.”

३ ऑक्टोबर, शुक्रवार

मशीनने दगा दिला. आजच्या माझ्या चित्रात उजव्या कानशिलाच्या आत, खोलवर, एक उजळ डाग आहे. वाटाण्यापेक्षा मोठा, कडा पुसट. मागच्या आठवड्यातली चित्रं काढून पाहिली, तिथेही अंधुक होताच, माझ्याच नजरेतून सुटला. जुन्या मशीनवर कधीही नव्हता. म्हणजे ह्या मशीनची डोक्याची कॉइल, डोक्याभोवती बसवतो तो सिग्नल ऐकणारा पिंजरा, नाहीतर जुळणी, कुठेतरी चुकतंय. संतोषला फोन केला. तो म्हणाला, बाटली ठीक येते ना, मग? मी म्हटलं, बाटलीला मेंदू नसतो.

वनिता आज विचारत होती, “ताई, तुमी मधीच कुठं जाता वो? हाक मारली तरी नाय बगत. व्हटांनी काय तरी चगळता.” मी म्हटलं, विचार करत असते. तिला काय सांगणार, कोण येतं ते.

८ ऑक्टोबर, बुधवार

संतोष येऊन गेला. चित्रातला डाग खोटा असेल तर चित्र घेण्याची दिशा बदलली की तो सरकतो किंवा विरतो. आम्ही दिशा बदलली, डाग जागचा हलला नाही. कॉइल बदलली, तरी तसाच. मी डोकं जरा तिरकं ठेवून झोपले, तर डागही तेवढाच तिरका झाला. संतोष बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, “मॅडम, एकदा डॉक्टरांना...” मी म्हटलं, आधी तुमचं सॉफ्टवेअर तपासा. पेशंटच्या डोक्यात असं काही दिसलं असतं तर डॉक्टरांना फोन मीच केला असता, त्याने मला शिकवायची गरज नाही.

मोजपट्टी चुकली म्हणून कुणी कापड परत करतं का?

१६ ऑक्टोबर, गुरुवार

अप्पा आता रोज संध्याकाळी वाट बघतात. मी चपला काढायच्या आत विचारतात, “आज?” मी हो म्हटलं की चहा टाकतात. नाही म्हटलं की टीव्ही लावतात.

खरं सांगायचं तर मिहीर बोलत नाही. पण अप्पांच्या तोंडाकडे बघून मी थोडी भर घालते. मागे म्हटलं, तो म्हणाला अप्पांना सांग रक्तदाबाची गोळी चुकवू नका. तेव्हापासून अप्पा गोळी चुकवत नाहीत. आज माझ्याबरोबर केंद्रात आले, सकाळभर बाहेरच्या खुर्चीत नाक वर करून बसले. दुपारी म्हणाले, “मला फिनेलचाच वास येतो.” इतके हिरमुसले की मला त्यांच्याकडे बघवेना. बाप ते, आणि मुलगा येतो तो फक्त सुनेकडे.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. आज एक विलक्षण गोष्ट झाली. खालापूरहून स्कूटर सुरू केली ते आठवतं. मग वास आला, नेहमीपेक्षा दाट. आणि मग मी आमच्या फाटकाशी उभी होते, स्कूटर स्टँडला लावलेली, हेल्मेट हातात. मधला रस्ता नाही. वळणं, ट्रक, पूल, काहीच नाही. तळहात खरचटलेला.

त्यानेच घरी आणून सोडलं. दुसरं काय असणार?

अप्पांना सांगितलं तर ते आधी हसले, मग माझा खरचटलेला तळहात बघत राहिले. रात्री जेवताना म्हणाले, “उद्यापासून रिक्षाने जा.” मी म्हटलं, तुमचाच मुलगा चालवतोय, भिता कशाला?

४ नोव्हेंबर, मंगळवार

वनिताच्या डोक्याचं चित्र काढलं. ती आत जाताना हसत होती, “बगा वो, हाय का नाय आत काय.” आहे, आणि स्वच्छ आहे. डाग नाही. संतोष पुन्हा आला होता, त्याचंही काढलं, तेही स्वच्छ. म्हणजे ही कॉइल फक्त माझ्याच डोक्याशी अशी वागते. कवटीच्या आकाराने फरक पडत असेल. शोधायला हवं.

वरचं वाक्य लिहून मी बराच वेळ बसले आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आमच्या सगळ्या फाइली मुंबईला डॉ. शैला बघतात, अहवाल तिथूनच येतात. दुपारी त्यांचा फोन. “ईशानी, हा चाचणी नावाचा पेशंट कोण? वय, तक्रार, काहीच लिहिलेलं नाही.”

चाचणीच्या फाइली मी कधीच पाठवत नाही. वनिताकडे बघितलं. ती काचेपलीकडे चादर बदलत होती आणि मान वर करत नव्हती.

मी विचारलं, मॅडम, तुम्हाला काय वाटतं? त्या म्हणाल्या, “वाटायचं काय त्यात? उजव्या बाजूला गाठ आहे. सावकाश वाढणारी दिसते. पेशंटला झटके येत असणार. हातपाय उडवणारे नाहीत, गुपचूप येणारे. क्षणभर हरवतात ही माणसं. पोटातून काही वर चढतं, आधी घडून गेल्यासारखं वाटतं, बऱ्याच जणांना जळका वास येतो. विचारून बघ.”

मी म्हटलं, विचारते.

फोन ठेवल्यावर वनिता आत आली. “मीच पाठवली ताई. शिव्या घाला. तवा तुमी खुर्चीत बसल्या बसल्या माज्याकडं बगत व्हत्या नि मला वळकत नव्हत्या. मी लई भिले.”

मी शिव्या घातल्या नाहीत. मी तिला म्हटलं, पुढचा पेशंट घे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मुंबईच्या सर्जनना दाखवून आले. काढता येईल म्हणतात. तोवर झटके थांबवायला गोळ्या, सकाळ-संध्याकाळ. मी विचारलं, वास थांबेल? ते खूश होऊन म्हणाले, हो, पूर्ण थांबेल, काळजी करू नका.

गोळ्या पर्समध्ये आहेत. घेतलेल्या नाहीत. मला सगळं कळतं. कुठल्या पेशी ठिणगी टाकतात, कुठलं पाणी उशिरा शांत होतं, का उजळ दिसतं, सगळं. चित्र समोर ठेवून मी दुसऱ्या कुणालाही समजावून सांगितलं असतं. तरी आज सकाळी वास आला तेव्हा मी डोळे मिटून म्हटलं, ये.

१६ नोव्हेंबर, रविवार

अप्पांना सांगितलं.

“मिहीर येत नव्हता, अप्पा. माझ्या डोक्यात गाठ आहे, वासाच्या आणि आठवणीच्या जागेला लागून. ती मधूनच ठिणगी टाकते, मग मला जळका वास येतो, कुणी आल्यासारखं वाटतं. अशा गाठीने खूप जणांना जळकाच वास येतो. ज्यांचे नवरे इंजिन चालवत नाहीत त्यांनासुद्धा.”

अप्पा म्हणाले, “आणि गोळी चुकवू नका, म्हणाला होता ते?”

“ते मी म्हणाले.”

ते उठून खिडकीशी गेले. घाटाकडे तोंड करून उभे राहिले. “काढल्यावर थांबेल?”

“हो.”

“आणि नाही काढली तर?”

“वाढत जाईल, अप्पा.”

ते वळले तेव्हा गाल ओले होते. “मी आत्ता मनात काय म्हटलं, सांगू? राहू दे म्हटलं. तुझ्या डोक्यात का होईना, राहू दे. इतका नालायक म्हातारा आहे मी. माझ्या तोंडात मार.”

मला फार चीड आली, आणि त्याच क्षणी कळलं की गेले पाच दिवस मी दुसरं काय करतेय? मी त्यांना न घेतलेल्या गोळ्यांबद्दल सांगितलं. ते स्वयंपाकघरात गेले, पाण्याचा पेला घेऊन आले आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. “घे. मी बघतोय.”

घेतली. मग आम्ही दोघं, तो गेला त्या दिवशीही रडलो नव्हतो इतके रडलो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आठवडाभर काही नाही. सकाळी बाटली ठेवते, पंप चिवचिवतो, माझ्या मागे कुणी नसतं. खोली इतकी रिकामी आधी कधी वाटली नव्हती. भुताने पछाडलेली माणसं भितात म्हणे. मला तर भूत गेल्यानंतर भीती वाटायला लागली.

माझी सगळी जुनी चित्रं डॉ. शैलांना पाठवली. मुंबईतल्या शेवटच्या वर्षीच्या चित्रातही डाग होता म्हणाल्या, अगदी फिकट. मी ते किती वेळा पाहिलं असेन.

अप्पा आता संध्याकाळी काही विचारत नाहीत. चहा मात्र रोज टाकतात.

९ डिसेंबर, मंगळवार

उद्या शस्त्रक्रिया. केस कापले. मरायची भीती वाटते, ती लिहून टाकते. त्याहून मोठी भीती ही की शुद्धीवर आले आणि मिहीरचा चेहरा आठवला नाही तर? सर्जन म्हणतात, तसं सहसा होत नाही. सहसा हा शब्द डॉक्टरांच्या तोंडी फार असतो. वनिताने दवाखान्यात नारळ आणला आणि नर्सने तो अडवला, त्यावरून दोघींचं भांडण झालं. ऐकून बरं वाटलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मिहीरचा चेहरा आठवतो. आधी तेवढं लिहिते.

अक्षर अजून तिरकं येतं. गाठ साधी निघाली, सगळी काढली. आज माझ्याच मशीनवर तपासणी झाली. वनिताने बटणं दाबली, आणि फाइलवर पहिल्यांदा माझं नाव, वय, सगळं नीट लिहिलं. अप्पा सोबत आले होते, हट्टाने आतल्या खोलीपर्यंत. मी उठून आले तर ते स्क्रीनसमोर बसलेले.

“कुठे?” त्यांनी विचारलं.

मी दाखवलं. उजव्या कानशिलाच्या आत जिथे डाग होता तिथे आता एक काळी पोकळी आहे, कडा स्वच्छ. त्यांनी बोट पुढे केलं आणि स्क्रीनच्या काचेला टेकवलं. वनिता काच पुसायला काही धावली नाही.

“हे काळं म्हणजे काही नाही?”

“पाणी आहे अप्पा. गाठ काढली की त्या जागेत मेंदूभोवतीचं पाणी येऊन भरतं. मोकळं पाणी सगळ्यात उशिरा शांत होतं. ह्या प्रकारच्या चित्रात आम्ही आधी पाण्यातल्या सगळ्या इवल्या चुंबकांना उलटं करतो आणि परत येताना बघतो. वाटेत प्रत्येकाचा एक क्षण असतो, तेव्हा त्याचा सिग्नल शून्य असतो. पाण्याचा तो क्षण आला की चित्र काढायचं. म्हणून ते दिसत नाही.”

अप्पा गणिताचे मास्तर. त्यांनी ते मनात मांडून पाहिलं. “म्हणजे आहे, पण दिसत नाही.”

“पाणी, अप्पा. नुसतं पाणी आहे.”

“हो गं,” ते म्हणाले. “पाणीच म्हणतोय मी.”

बोट तसंच होतं. मग वनिता म्हणाली, “अप्पा, पेशंट खोळंबलाय,” तेव्हा ते उठले.